खिशातला मिटता चाकू आणि पोलिसांची झडती: हेतू सिद्ध कोणी करायचा?

धागालेखक

गेली बावीस वर्षे मी वीजजोडणीच्या कामावर देखरेख करतो आणि या सगळ्या काळात माझ्या उजव्या खिशात एक मिटता चाकू असतो. पाते पावणेतीन इंचांचे, मूठ लाकडी, आणि तारांवरचे वेष्टण सोलून सोलून पात्याच्या मुळाशी काळपट चिकटा बसलेला. मागच्या महिन्यात एका रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी तपासणी चालू होती, तेथे तो खिशातून निघाला. शिपायाने तो उघडला, पाते आडवे धरून बोटांनी मोजले, अंगठ्याने धार पाहिली आणि विचारले, "हा कशासाठी?" त्या दिवशी मला सुट्टी होती. "नेहमीच खिशात असतो," हे माझे उत्तर अगदी खरे होते आणि नेमके तेच त्याला खटकले. ओळखपत्र दाखवल्यावर मात्र पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाला चाकूसकट दहा मिनिटांत सोडण्यात आले. माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा उभा होता, त्याच्या मनगटापर्यंत रंगाचे डाग होते. त्याच्याजवळही तसाच चाकू सापडला होता, उलट माझ्यापेक्षा आखूड. रंगाच्या डब्यांची झाकणे उचकटायला लागतो, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी निघालो तेव्हा त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केलेले होते. मी थांबलो नाही, काही विचारलेही नाही, आणि ही गोष्ट मनातून जात नाही म्हणून हे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या वस्तूचा रोजचा उपयोग उघड आहे, ती केवळ जवळ असणे हा गुन्हा ठरू नये. ती वस्तू इजा करण्यासाठीच बाळगली होती हे दाखवण्याची जबाबदारी पोलिसांवर असली पाहिजे, आणि आपण निरपराध आहोत हे रस्त्यावर उभे राहून नागरिकाने पटवून द्यावे अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. कायदा मोघम असला की तो कोणावर चालवायचा हे शेवटी कपडे, वय, भाषा आणि वस्ती यांवरून ठरते.

न्यूयॉर्कचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. झटक्याने उघडून अडकणारे चाकू तेथे 1958 पासून बेकायदा होते. मूळ रोख एका विशिष्ट प्रकारच्या चाकूवर होता, परंतु पुढे पोलीस अधिकारी हाती आलेला कोणताही साधा मिटता चाकू मनगटाला झटका देऊन उघडून पाहत, आणि अनेक प्रयत्नांतून एकदा जरी तो उघडला तरी बाळगणारा आरोपी ठरे. सुतार, रंगारी, मालाची खोकी फोडणारे कामगार अशी कष्टाची माणसे यात अडकली. मार्च 2019 मध्ये एका संघराज्यीय न्यायाधीशाने या कसोटीतल्या संदिग्धतेवर बोट ठेवले आणि मे 2019 मध्ये ती बंदीच रद्द झाली. आपला चाकू कायदेशीर आहे की नाही हे दुसऱ्याच्या मनगटाच्या जोरावर ठरत असेल, तर तो घेऊन घराबाहेर पडणाऱ्याने कायदा पाळायचा तरी कसा?

निवृत्त पोलीस अधिकारी

धागालेखकांची तळमळ मला समजते, परंतु मी या मांडणीशी सहमत नाही आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. हेतू कपाळावर लिहिलेला नसतो. ज्याने पुढे भोसकले, त्याच्याही तोंडी तासाभरापूर्वी "नेहमीच खिशात असतो" हेच वाक्य असते, आणि पुष्कळदा तेही खरेच असते. मी पाहिलेल्या बहुतेक चाकूहल्ल्यांत मारण्याचा बेत आधी ठरलेला नव्हता. धक्का लागला, शिवी गेली, दारू पोटात होती, आणि हात खिशात गेला. खिशात चाकू नसता तर ते भांडण गालफडावर निभावले असते. हेतू सिद्ध होईपर्यंत पोलिसांनी थांबावे असे म्हणणे म्हणजे पाते उघडेपर्यंत थांबावे असे म्हणणे आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याने ही रेषा आखून दिली आहे. धार 3 इंचांपर्यंतची असेल आणि चाकू सहज मिटत असेल, तर तो बाळगण्यासाठी कारण सांगावे लागत नाही. त्याहून लांब, किंवा उघडल्यावर अडकून बसणारे पाते असेल, तर सबळ कारण बाळगणाऱ्याने दाखवायचे. यात मला काहीही अन्याय्य दिसत नाही. कामावर जाताना चाकू न्यावा, काम संपल्यावर तो अवजारांच्या पेटीत ठेवावा. सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या ठिकाणी तो कशाला लागतो, या शिपायाच्या प्रश्नाला आपल्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते, हे आपणच लिहिले आहे.

त्या रंगारी मुलाच्या बाबतीत केवळ त्याच्या अवतारावरून भेद झाला असेल तर ते वाईट झाले. पण त्यावर उपाय म्हणून तपासणीचा अधिकारच काढून घ्यायचा नसतो, तपासणाऱ्याला शिकवायचे असते.

फौजदारी वकील

दोन्ही बाजू कायद्याच्या शब्दांबद्दल बोलत आहेत, म्हणून प्रत्यक्ष कागदावर काय घडते ते सांगतो.

भारतात 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम पाहिले तर 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे परवान्याच्या यादीत येतात, आणि घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. या हिशेबाने खिशातला चाकू यादीत कोठेच बसत नाही. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम 4 खाली शासन एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढू शकते. दिल्लीच्या 1980 च्या अधिसूचनेत बटणाने, स्प्रिंगने किंवा तत्सम यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे, 7.62 सेंमी किंवा अधिक लांब आणि 1.72 सेंमी किंवा अधिक रुंद पात्याचे चाकू आणलेले आहेत. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुरे बाळगण्यासही बंदी असते. असा आदेश आज लागू आहे की नाही, हे स्थानकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला बहुधा ठाऊक नसते.

आता मुख्य मुद्दा. अशा प्रकरणांत संपूर्ण खटला पंचनाम्यावर उभा असतो. चाकूची आकृती कागदावर काढायची, पाते आणि मूठ वेगवेगळी मोजायची, वस्तू मोहोरबंद करायची आणि त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. गर्दीच्या ठिकाणी भरदुपारी जप्ती दाखवलेली असते आणि तरीही एकही त्रयस्थ साक्षीदार मिळाला नाही असे लिहिलेले असते. न्यायालये या त्रुटीवर आरोपींना सोडून देतात, मात्र तोपर्यंत तारखा भरण्यात वर्षे गेलेली असतात आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या दृष्टीने शिक्षा भोगून झालेली असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 मध्ये झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याची तरतूद आहे, आणि ती 1 जुलै 2024 पासून अमलात आली आहे. माझ्या मते चाकूच्या लांबीवरच्या वादापेक्षा हे चित्रण खरोखर होते की नाही यावर अधिक बोलले पाहिजे.

अधिकारीसाहेबांनी सांगितलेल्या इंग्लंडच्या रचनेत एक मेख आहे. तेथील न्यायालयांनी, चाकू खिशात राहिला हे आपण विसरलो, एवढेच कारण पुरेसे मानलेले नाही. म्हणजे शनिवारी कामावरून आल्यावर कोटाच्या खिशात राहून गेलेला चाकू रविवारी गुन्हा होतो, त्या माणसाच्या मनात काहीही नसताना.

आपत्कालीन विभागातील परिचारिका

लांबीच्या मर्यादा वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. छातीच्या डाव्या बाजूला त्वचा आणि हृदय यांच्यातले अंतर 3 इंचांपेक्षा पुष्कळ कमी असते. मांडीच्या वरच्या भागातली मोठी धमनीही फार खोल नसते आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत माणूस हातातून जातो. बाहेरून पाहावे तर जखम बोटभरही रुंद नसते, कडा स्वच्छ कापलेल्या असतात, नातेवाईकांना वाटते दोन टाक्यांचे काम आहे, आणि आत पोकळीत रक्त साचत असते. ज्या चाकूला येथे सगळे "छोटा" म्हणत आहेत, त्याने झालेल्या जखमा मी दाबून धरलेल्या आहेत. त्यामुळे शिपायाने दहा मिनिटे थांबवून प्रश्न विचारले तर मी तरी त्याला अन्याय म्हणणार नाही.

आणखी एक. स्वतःच्या संरक्षणासाठी चाकू ठेवतो असे सांगणारी कितीतरी तरुण मुले आमच्याकडे जखमी होऊन येतात. भीतीने ठेवलेला चाकू भीतीच्या क्षणी बाहेर निघतो, आणि मग समोरच्याचाही निघतो.

धागालेखक

ताई, आपण लिहिलेले दोनदा वाचले. लहान पाते निरुपद्रवी असते असा माझा दावा नाही. पण आपलेच म्हणणे पुढे नेले तर लांबीची रेषा निरर्थक ठरते, आणि पेचकस, कात्री, कागद कापायचे पाते हे सगळेच त्या रेषेच्या आत येते. मग उरतो तो हेतूच.

पात्याच्या खटक्याबद्दल येथे कोणी बोलले नाही, ते सांगतो. माझ्या चाकूत पाठीमागे फक्त एक ताठ पट्टी आहे, तिच्या दाबाने पाते उघडे राहते. जाड केबल सोलताना जोर तिरका लागला की हे पाते उलटून बोटांवर मिटते. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. उघडल्यावर पक्के अडकणारे पाते असे मिटत नाही, म्हणून कामगाराच्या हाताला तेच सुरक्षित. इंग्लंडमध्ये नेमके तेच अवजार कारण दाखवल्याशिवाय बाळगता येत नाही, आणि जर्मनीतही 2008 पासून एका हाताने उघडून अडकणारे चाकू रास्त प्रयोजनाशिवाय जवळ ठेवण्यास मनाई आहे. नियम लिहिणाऱ्यांनी हल्लेखोराचा हात डोळ्यांपुढे ठेवला, कामकऱ्याचा ठेवला नाही.

अधिकारीसाहेब, तपासणी बंद करा असे मी म्हटलेले नाही. 2015 साली बाल्टिमोरमध्ये पोलिसांना पाहून पळालेल्या फ्रेडी ग्रे या 25 वर्षांच्या तरुणाला पकडण्यात आले. चाकू सापडला तो पकडल्यानंतर, आणि अटकेचे कारण म्हणून तोच नोंदवला गेला. पोलिसांच्या गाडीत त्याच्या मणक्याला इजा झाली आणि आठवड्याभरात तो गेला. राज्याच्या कायद्याप्रमाणे तो चाकू वैध होता असे सरकारी वकिलांचे म्हणणे, शहराच्या नियमाप्रमाणे अवैध होता असे पोलिसांचे. सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा एकालाही झाली नाही. आधी माणूस संशयित ठरतो आणि मग त्याच्या खिशातली वस्तू त्या संशयाचे कारण म्हणून लिहिली जाते, हा क्रम मला भयंकर वाटतो.

निवृत्त पोलीस अधिकारी

ते प्रकरण मुळात कोठडीतल्या माणसाची काळजी न घेण्याचे आहे. चाकूच्या नियमात कोणताही बदल केला असता तरी गाडीतली हयगय टळली नसती.

आपण दुसरीकडेही पाहावे. ऑगस्ट 2024 मध्ये जर्मनीतील झोलिंगेन येथे शहराच्या उत्सवात एका माणसाने चाकूने तिघांचा जीव घेतला, आणि त्यानंतर सार्वजनिक उत्सवांत चाकू नेण्यावरचे निर्बंध अधिक कडक झाले. तेथे कोणी कामगारांचा द्वेष करत नव्हते. गर्दीत प्रत्येकाचा हेतू तपासणे अशक्य आहे, वस्तू तपासणे शक्य आहे, म्हणून वस्तूवर बंदी येते. मी सेवेत असतो तर आजही आपला चाकू बाहेर काढून ठेवायला सांगितला असता. आणि खरे सांगायचे तर आपल्याला दहा मिनिटांत सोडले, यालाही माझा आक्षेप आहे. नियम होता तर आपला चाकूही ठेवून घ्यायला हवा होता; नियम नव्हता तर त्या मुलालाही आपल्याबरोबरच सोडायला हवे होते.

फौजदारी वकील

साहेबांच्या शेवटच्या वाक्यावर मी सही करीन. त्यात एकच भर घालतो: दोघांनाही का थांबवले आणि एकालाच का सोडले, हे त्याच वेळी लिहून ठेवण्याचे बंधन शिपायावर असते आणि त्या लेखनाची प्रत दोघांच्या हातात पडली असती, तर निदान पुढे विचारायला जागा राहिली असती.

निवृत्त पोलीस अधिकारी

सकाळच्या गर्दीत तासाला शेकडो माणसे समोरून जात असताना प्रत्येकाची लेखी नोंद होणार नाही, हे रस्त्यावर उभे राहिलेला कोणीही सांगेल. मात्र झडतीत काही सापडले आणि माणसाला बाजूला उभे केले, तर दोन ओळी लिहिणे जमण्यासारखे आहे. एवढे मी मान्य करतो. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी आधी पोलिसांवर, हे मात्र नाही.

धागालेखक

दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या मुलाला निदान कागद मिळाला असता. मुख्य मुद्द्यावर आपले जमणार नाही असे दिसते. मी चाकू खिशात ठेवणे थांबवलेले नाही, पण पुढच्या वेळी शेजारी कोणी असे उभे असेल तर तेथून निघून जाणार नाही.