किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधं: एकच मेडिकल की तीन-चार?

मुळामुठा
टॅक्रोलिमस हॉस्पिटलच्या मेडिकलमधून, मायकोफिनोलेट होलसेलमधून, बीपीच्या गोळ्या कोपऱ्यावरून आणि अडलं तर ॲपवरून, हे सर्रास चालतं. माझं मत स्पष्ट आहे: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे टॅक्रोलिमस (टॅक्रो) आणि मायकोफिनोलेट, तरी एकाच दुकानातून घ्या. टॅक्रोची रक्तातली पातळी घसरली की रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचा धोका, चढली की हात थरथरतात आणि क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो. दुकान बदललं की बहुतेक वेळा ब्रँडही बदलतो, आणि त्याबरोबर पातळीही हलू शकते. सगळ्यात घातक गोंधळ दिवसातून दोनदा घ्यायची साधी कॅप्सूल आणि एकदाच घ्यायची सावकाश विरघळणारी, या दोहोंचा. ताकद तीच, १ मिग्रॅ, म्हणून बदली करून देतात. अशाच चुकांमुळे ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये टॅक्रोलिमस ब्रँडच्या नावानेच लिहा आणि द्या, असं बजावलं.

दवाबाजार
असहमत. ही औषधं आयुष्यभर घ्यायची आहेत. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट किंवा पुण्यात सदाशिव पेठेत छापील किमतीवर सूट मिळत असेल, तर ती सोडा असं कुणाला सांगणार? शिवाय ०.५ मिग्रॅची कॅप्सूल एकाच दुकानात कायम असेलच याची खात्री नाही. ती संपली म्हणून १ ची कॅप्सूल उघडून अर्धी करता येत नाही.
दोष दुकानांच्या संख्येत नाही, चिठ्ठीत आहे. औषध नियमावलीतल्या नियम ६५(११अ) प्रमाणे शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी दुसरं उत्पादन देता येत नाही, घटक तेच असले तरीही. चिठ्ठीवर ब्रँड, ताकद आणि वेळ लिहून घ्या. मग चार दुकानांतून घेतलंत तरी औषध एकच.

फार्मसी_काउंटर
ब्रँड सांभाळला तरी दुसरा धोका उरतो, आणि मला तो मोठा वाटतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हा प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे हेच माहीत नसतं. खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन, गजकर्णाला फ्लुकोनॅझोल दिलं की टॅक्रोची पातळी काही दिवसांत वर जाते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं की ती पार खाली.
आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. बऱ्याच रुग्णांना डिल्टियाझेम ही बीपीची गोळी मुद्दाम दिलेली असते, कारण त्यामुळे टॅक्रो कमी लागतं आणि खर्च वाचतो. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘बीपीचीच तर गोळी’ म्हणून त्याऐवजी ॲम्लोडिपिन लिहिलं, दुसऱ्या दुकानाने दिलं, की डोस न बदलताच पातळी घसरते. सगळी औषधं एका बिलावर असती तर निदान कुणीतरी विचारलं असतं. पपनस आणि ग्रेपफ्रूटही पातळी वाढवतात, पण ते कुठल्याच बिलावर येत नाही.

दवाबाजार
डिल्टियाझेमचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय यादी आहे, एकच दुकान नव्हे. एका कागदावर सगळी औषधं, ब्रँड, ताकद आणि वर ठळक ‘किडनी प्रत्यारोपण’. तो कागद प्रत्येक काउंटरवर आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवायचा. बिलावर बॅच नंबर घ्यायचा. दहा दिवसांची औषधं उरली की पुढची मागवायची, म्हणजे ‘आज हेच घेऊन जा’ ऐकावं लागत नाही. ब्रँड बदलावाच लागला तर आधी नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) फोन, मग ते सांगतील तेव्हा टॅक्रोच्या पातळीची रक्ततपासणी. रक्त सकाळच्या डोसआधी द्यायचं; दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल असेल तर आदल्या डोसनंतर १२ तासांनी. गोळी घेऊन रक्त दिलं तर तो आकडा निरुपयोगी.

मुळामुठा
यादी शंभरातल्या किती काउंटरवर वाचली जाईल? मायकोफिनोलेटचंच बघा. ते मोफेटिल आणि सोडियम अशा दोन प्रकारांत येतं; मोफेटिल ५०० मिग्रॅ आणि सोडियम ३६० मिग्रॅ साधारण समतुल्य. एका दुकानातून एक, दुसऱ्यातून दुसरं आणलं की घरात दोन नावांचे पत्ते. रुग्ण दोन्ही घेतो, डोस दुप्पट. मग पांढऱ्या पेशी घसरतात आणि जुलाब लागले की दोष बाहेरच्या खाण्याला.
एरिथ्रोपोएटिनच्या, म्हणजे रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनवर तर वादच नको. २ ते ८ अंश हवं, गोठता कामा नये. बर्फाला चिकटून आलेली सिरिंज बाहेरून चांगलीच दिसते.

दवाबाजार
इंजेक्शन एकाच ठिकाणाहून, तुमच्यासमोर फ्रिजमधून काढलेलं, हे कबूल. गोळ्यांची सूट मात्र मी कुणाला सोडायला सांगणार नाही.

फार्मसी_काउंटर
मग ती सूट नेहमीच्या दुकानाकडेच मागा. तीन महिन्यांची पक्की ऑर्डर दिली की बरेच जण देतात, आणि ०.५ ची कॅप्सूलही तुमच्यासाठी आणून ठेवतात.