मुलांच्या वापरलेल्या वस्तू आणि अमेरिकेचा २००८चा कायदा: सुक्याबरोबर ओलंही जळलं?

अडगळवाला
२००७ साली अमेरिकेत शिशाचा रंग असलेली लाखो चिनी खेळणी परत मागवावी लागली. त्या गदारोळातून ऑगस्ट २००८ मध्ये ग्राहक-वस्तू सुरक्षा सुधारणा कायदा आला. हेतूबद्दल तक्रार नाही. पण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना शिशाची जी मर्यादा लागली (१० फेब्रुवारी २००९ पासून ६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ६०० भाग शिसं, ऑगस्टपासून ३००), ती वस्तू कधी बनली हे न बघता कधी विकली यावर. आदल्या दिवशी दुकानात राजरोस टांगलेला कोट दुसऱ्या दिवशी बेकायदा ठरू शकत होता, कारण त्याची पितळी चेन. पितळेत थोडं शिसं बऱ्याचदा असतंच.

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने खुलासा केला: जुनं विकणाऱ्यांवर चाचणीची सक्ती नाही, मात्र मर्यादेबाहेरची वस्तू विकणं हा गुन्हाच. म्हणजे तपासू नका, पण चुकूही नका! देणगीच्या मालावर चालणाऱ्या दुकानाने करायचं काय? काहींनी मुलांच्या वस्तू सरळ काढूनच टाकल्या. १९८५ पूर्वीच्या बालपुस्तकांच्या शाईवरही संशय, त्यामुळे ग्रंथालयंही धास्तावली.

चौकसबाई
असहमत. २००६ मध्ये मिनियापोलिसला चार वर्षांचं मूल बुटांबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं पदक गिळून दगावलं. ते पदक जवळजवळ शुद्ध शिशाचं होतं. नुसतं बघून कुणाला कळणार होतं? मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही. आणि जुनं घेतं कोण? ज्यांना नवं परवडत नाही ते. त्यांच्या मुलांसाठी नियम ढिले ठेवायचे, हा कुठला न्याय?

अडगळवाला
पदकावर बंदी घालाच, माझा पाठिंबा. पण पदक आणि पुस्तक एकाच तागडीत? कायदा वस्तूत किती शिसं आहे ते मोजतो, मुलाच्या पोटात किती जाईल ते नाही. खरा वाद इथेच आहे. आणि दुकानातून कोट गेला म्हणून त्या मुलाला नवा कोट मिळत नाही हो.

पानापक्कड
मुलांच्या छोट्या एटीव्हींचं (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या चारचाकी मोटरबाइकचं) तर हसंच झालं. बॅटरीच्या टोकांत आणि व्हॉल्व्हमध्ये शिसं, म्हणून विक्री अडली. मग पोरं मोठ्यांच्या एटीव्हीवर बसणार, आणि जीव जातो तो तिथे. शेवटी मे २००९ मध्ये आयोगानेच त्यांच्यापुरती अंमलबजावणी थांबवली. बॅटरीची टोकं कोण चाटतं, देव जाणे.

शंकासुर
तुम्ही सगळे २००९ मध्येच अडकलात. ऑगस्ट २०११ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुरुस्ती करून बहुतेक वापरलेल्या वस्तूंना या मर्यादेतून सूट दिली. साधी पुस्तकंही सुटली. धातूचे दागिने आणि शिशाचा रंग यांना सूट नाही, तेही रास्तच. मिटलं की!

चौकसबाई
कुठे मिटलं? त्याच वर्षी जूनपासून एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिब (बाळाचे कठड्याचे पलंग) विकायला बंदी आली. नव्या, जुन्या, कशाही. २००० पासून तशा क्रिबमध्ये तिसाहून जास्त बाळं गेली होती. त्या खोलल्या-जोडल्या की खिट्ट्या सैल होतात, एखादा स्क्रू हरवतो, बाजू निसटते आणि फटीत बाळ अडकतं. इथे जुनेपणा हाच धोका आहे. जुन्याला सूट द्या हा तुमचा मुद्दा इथे लावून दाखवा.

अडगळवाला
तो लावायचाच नाही. क्रिबच्या बाबतीत नेमका कुठला भाग दगा देतो ते आधी शोधलं, मग बंदी आणली. शिशाच्या बाबतीत हेच झालं नाही, एवढंच म्हणतोय. फक्त एक: स्वस्त क्रिब मिळाली नाही तर बाळ मोठ्यांच्या पलंगावर झोपतं. तिथेही बाळं गुदमरतात. तो हिशेब कुणी मांडायचा?

चौकसबाई
जरूर मांडा, पण पुरता मांडा. बंदी विकण्यावर आणि दान देण्यावर होती. ज्यांच्या घरी तशी क्रिब आधीच होती त्यांना कुणी अडवलं नाही. पाळणाघरांना मात्र डिसेंबर २०१२ पर्यंत सगळ्या बदलाव्या लागल्या. माझ्या मते कायदा जाचक नाही, तो अर्ध्यावर थांबला.