प्रादेशिक सेनेतील बढतीविषयी

प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपला नोकरी-व्यवसाय सांभाळून अर्धवेळ करायची लष्करी सेवा) अधिकाऱ्याची बढती कॅप्टनपदाशी थांबते, असे काहींचे मत आहे; ते बरोबर नाही. लेफ्टनंट म्हणून रुजू झालेला अधिकारी ठरावीक सेवाकाल व अटी पूर्ण केल्यावर लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोहोचू शकतो. कर्नल आणि ब्रिगेडियर ही पदे मात्र निवडीने मिळतात. आमच्या यवतमाळकडील मुलांची खरी अडचण प्रवेशापाशीच आहे, कारण उमेदवार पदवीधर तर हवाच, शिवाय त्याला स्वतःचे उत्पन्न असावे लागते, आणि कोरडवाहू कपाशीवर चालणाऱ्या घरातील मुलाने ते कागदोपत्री दाखवायचे कसे? त्यातच वर्षातले दोन महिन्यांचे प्रशिक्षण ऐन वेचणीत आले, तर घरचे त्याला सोडायला सहसा तयार होत नाहीत.