तेरडा, सोनकी, कवला बियांपासून: रोपं आडवी का होतात?

ओलेती
पुण्यात अंगणाचा एक कोपरा पावसाळाभर ओला असतो. तिथे रानातला तेरडा, सोनकी आणि कवला ही पावसाळी रानफुलं लावायचीत. बी महिनाभर ओल्या टिश्यूत, फ्रिजमध्ये ठेवून मग पेरलं. माती निम्मी कोकोपीट, निम्मं गांडूळखत. तेरडा उगवला, पण बुंध्याशी काळा पडून आडवा झाला. बाकी दोन्हींचा पत्ताच नाही.

गावठी_बी
फ्रिज विसरा. तो सल्ला बर्फाच्या प्रदेशातल्या झाडांसाठी. आपल्याकडचं बी पावसाळा सरताना पडतं, सगळा उन्हाळा कोरडं राहतं आणि पहिल्या पावसात रुजतं. तेव्हा कागदी पाकिटात घालून घरात कोरडं ठेवायचं, जूनमध्ये पेरायचं.

तेरड्याची बोंडं पिवळसर झाली की हात लागताच फुटतात, म्हणून आधीच मलमलची पुरचुंडी बांधा. पेरणी 3-4 मिमी खोल, उगवण साधारण आठवड्याभरात. सोनकीचं बी म्हाताऱ्यांसारखं उडतं. ते पुरू नका, ओल्या मातीवर टाकून तळव्याने दाबा.

कवला शेंगवर्गातला, कवच टणक. बारीक पॉलिश पेपरवर हलकं घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

चिखलमाती
रोपं आडवी होणं म्हणजे बुरशी. गांडूळखत, दाट पेरणी आणि वरून झारी, तिन्ही तिच्या सोयीचं. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट. खत अजिबात नको. ट्रेला भोकं हवीत. ट्रे पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, वरची माती ओली दिसली की काढा. चार खरी पानं आली की 20-25 सेंमीवर लावा, पण बुंधा चिखलात गाडू नका. तेरड्याचं खोड पाणीदार, लगेच सडतं.

ओलेती
आणि सीतेची आसवं हे रानफूल?

गावठी_बी
घरी नादी लागू नका. ती कीटकभक्षी आहे. कातळावरून झिरपणारं, जवळजवळ क्षार नसलेलं पाणी लागतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावरून तर बी काय, काडीही उचलायची नाही. तेरड्याचं बीही रस्त्याकडेच्या झाडावरून थोडंच घ्या. नर्सरीतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा मात्र जवळ लावू नका, संकर होऊन पुढच्या पिढीत रानातलं रूप राहत नाही.