आईचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलंय, पण कोलेस्टेरॉल तर शरीराला लागतंच ना? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचा (वय ५८) लिपिड प्रोफाईलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) रिपोर्ट आलाय. टोटल २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५२, ट्रायग्लिसराईड १४०, एलडीएल १६८. तो कागद घडी घालून तिने चष्म्याच्या डबीत ठेवलाय, दिवसातून तीनदा काढून बघते. शुगर, बीपी, थायरॉईड सगळं नॉर्मल, अंगानेही बारीक, त्यामुळे "मला कसं काय झालं" हेच चालू आहे. डॉक्टरांनी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी दिली, ती अकरा दिवस घेतली आणि बंद केली कारण मैत्रीण म्हणाली मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, गोळीने विसरायला होतं.

मी वाचायला बसलो तर निम्मं त्या मैत्रिणीचंच खरं निघालं. प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, पित्तातली आम्लं, कॉर्टिसोल, इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स सगळं त्यापासूनच बनतं, आणि बरंचसं तर लिव्हर स्वतःच तयार करतं. मग ते कमी करून मेंदूला कमी पडणार नाही का? आणि बारीक माणसाचं वाढतं कशाने? प्लीज सोप्या भाषेत सांगा, नुसतं "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून घे" हे आईला अजिबात पटत नाही.

प्रतिसाद:

आधी मेंदूची काळजी सोडा. मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथे जवळपास पोचतच नाही. कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही म्हणून ते प्रोटीनचं वेष्टन असलेल्या कणांमधून फिरतं, एलडीएल हा त्यातलाच एक कण. पेशी लागेल तेवढं घेतात आणि उरलेले कण मुख्यतः लिव्हर आपल्या रिसेप्टरने (पेशीवरच्या, कण पकडणाऱ्या प्रोटीनने) पकडून रक्तातून काढून घेतं. (हे रिसेप्टर शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं.) ही पकड कमी पडली की कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात, धमनीच्या भिंतीत शिरतात आणि वर्षानुवर्षं तिथे साचतात, दुखत खुपत काहीच नाही. पकड किती हे बरंचसं आनुवंशिक असतं, शिवाय पाळी गेल्यावरही एलडीएल वाढतं, म्हणून बारीक असण्याचा भरवसा नाही. स्टॅटिनने लिव्हरमधलं उत्पादन कमी होतं, मग लिव्हर जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. आईंना हे असंच सांगून बघा.

गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना लगेच कळवा, गोळीने अंग दुखत असेल तर तेही, डोस किंवा गोळी बदलता येते. आणि आईंच्या आईवडिलांना किंवा भावंडांना कमी वयात हार्टचा त्रास झाला होता का? असेल तर ते आवर्जून सांगा, त्यावर बरंच ठरतं.