जिप्सी नव्वदला तापते, म्हणून थर्मोस्टॅट काढायचा?

घाटवाट:
नागपूरच्या एका मुलानं काल विचारलं होतं. 2003 ची जिप्सी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, पेट्रोल इंजेक्शनची. शहरात दिवसभर फिरवली तरी तापमानाचा काटा मधोमध. समृद्धीवर नव्वद-शंभरला थोडा वेळ धरली की काटा लालाकडे सरकतो, वेग उतरवला की खाली येतो. त्यावर डिझेलदादांनी तीन ओळींत निकाल लावला: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाक, इलेक्ट्रिक फॅन बसव, आणि जुनी गाडी आहे, साठनं चालव. लोकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून हा धागा.

सिग्नलला तापते आणि रस्त्याला लागली की निवते, त्या गाडीला हवा कमी पडतेय: पंखा, फॅन क्लच, श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण. इथे नेमकं उलटं आहे. वेगात समोरून येणारा वाराच पंख्याला भारी असतो, मग पंखा बदलून मिळणार काय? उलट रेडिएटरच्या पुढ्यात फॅन लावलेत तर त्यांच्या चौकटी वारा अडवतात.

जिप्सी म्हणजे चालती भिंत. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे ऐंशीवरून शंभरला गेलात की जवळपास दुप्पट. पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. रेडिएटर निम्मा चोंदलेला असला तरी शहरात तो भागवून नेतो, हायवेवर त्याचं पितळ उघडं पडतं. म्हणून संशय आधी रेडिएटरच्या नळ्यांवर, मग वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, झिजलेल्या पात्यांवर, मग रेडिएटरच्या खालच्या होजवर, म्हणजे रबरी पाइपवर.

खालच्या होजकडे कुणी बघतच नाही. तो वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर मऊ पडलं किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली, की आयडलला तो छान गोल दिसतो. इंजिन तापवा, कुणाला तरी तीन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ॲक्सिलरेटर धरायला सांगा आणि टॉर्च मारून बघा. मधोमध चपटा होत जातो, ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा फुगतो. गॅरेजमध्ये गाडी आयडलला उभी करून हा दोष जन्मात सापडणार नाही.

डिझेलदादा:
पुस्तकं आम्हीही वाचलीत. माझी महिंद्राची जीप, एमएम 540, प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन. थर्मोस्टॅट काढून वर्षं लोटली, कसारा घाट भरल्या गाडीनं चढते, काटा हलत नाही. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंश असतात, तिथे इंजिन गरम करायला थर्मोस्टॅट हवाय कुणाला? तो थंड मुलखासाठी. आणि अडकला बंद अवस्थेत, तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं. हेडचं बिल तुम्ही देणार का?

खडखडाट:
घाटवाट बरोबर बोलतायत. थर्मोस्टॅट काढला की पाणी इतक्या जोरात फिरतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

घाटवाट:
खडखडाट, बाजू माझी घेतलीत, पण कारण चुकीचं दिलंत. पाणी जोरात फिरलं तर रेडिएटर जास्तच उष्णता काढतो. काढू नये याची कारणं वेगळी आहेत. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागे दुसरी चकती असते, ती पूर्ण उघडताना बायपास बंद करते. असा थर्मोस्टॅट काढलात की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतो. दुसरं, एमपीएफआयमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पाण्याच्या सेन्सरवर चालतो. हिवाळ्यात हायवेला पाणी साठ अंशांवर राहिलं, की त्याला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो जादा पेट्रोल ओततो. ॲव्हरेज जातं, ऑइल पातळ होतं. डिझेलदादा, तुमच्या प्यूजोला ईसीयू नाही. त्या इंजिनाचा अनुभव या पोराच्या गळ्यात का बांधताय?

डिझेलदादा:
गळ्यात बांधताय म्हणजे काय? भाषा सांभाळा. रस्त्यात उभी राहिलेली गाडी मी स्वतःच्या हातानं चालू करून घरी आणतो. तुमच्यासारखे टॉर्च मारत बसत नाही.

वऱ्हाडी:
भांडण ठेवा बाजूला, मुळावर या. आमच्याकडचं बोअरचं पाणी! गॅरेजवाला नळी लावतो आणि रेडिएटर भरतो. क्षार इतके की घरच्या गिझरची कॉइल पांढरी होते, रेडिएटरच्या नळ्यांचं काय होत असेल? माझ्या जिप्सीचा रेडिएटर रेडिएटरवाल्यानं खोलला, वरची टाकी उचलली, तर निम्म्या नळ्यांच्या तोंडावर पांढरा खडा. रॉड घालताना भुगा पडत होता. आणि सर्व्हिसच्या बिलात कूलंटचे पैसे लावलेले! आत थेंबभर रंग नव्हता.

डिझेलदादा:
साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हे तरी तुमच्या पुस्तकात आहे का?

घाटवाट:
आहे, आणि ते खरं आहे. नुसती उष्णता वाहण्यात पाणी सरस, हे तुम्हाला देतो. पण ते पाणी डिस्टिल्ड असेल तर, आणि त्यात गंज रोखणारं काही असेल तर. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बोअरचं पाणी ओतलंत तर आधी नळ्या चोंदतात, मग वॉटर बॉडी खाल्ली जाते. रेडिएटरच्या झाकणाचंही बघा. 0.9 बारचं झाकण दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, रबर मेलं असेल तर शंभरालाच.

वऱ्हाडी:
झाकणं तरी अस्सल कुठे मिळतात? वर 0.9 छापलेलं, आत स्प्रिंग खेळण्यातली. होज डुप्लिकेट, बेल्ट डुप्लिकेट. आणि सरकार काय करतं? एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण सहाशेवरून पाच हजार केलं. गाडी जुनी ठेवतो हा गुन्हा झाला का? अस्सल पार्ट मिळू द्या, मग घ्या पाच हजार.

खडखडाट:
फीचा आणि काटा वर जाण्याचा काय संबंध?

वऱ्हाडी:
संबंध हाच, की पाच हजार तिकडे भरल्यावर माणूस होज स्वस्तातला घेतो. पगारदारांना नाही कळायचं.

मीटरवाली:
सगळ्यांनी काट्यावर विश्वास ठेवलाय. आधी काटा खरा आहे का ते बघा. माझ्या गाडीत हेडलाइट लावले की काटा वर चढायचा. इंजिन ठणठणीत, अर्थिंग गंजलेलं. इन्फ्रारेड थर्मामीटर आता महाग राहिलेला नाही. थर्मोस्टॅटच्या घरावर मारा, मग रेडिएटरच्या जाळीवर पट्ट्यापट्ट्यानं फिरवा. जिथे अचानक थंड पट्टा लागेल तिथल्या नळ्या बंद.

तांबडीमाती:
ताईंचं पटलं. मी सिंधुदुर्गातून बोलतोय. पावसात चिखलात गाडी घालणाऱ्यांनी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघितलीय का कधी? समोरून जाळी चकाचक असते. मी कंडेन्सरचे बोल्ट सोडून पुढे ओढला, तर मागे लाल मातीची वीट बसलेली, त्यात गवताच्या काड्या आणि मेलेले किडे. ती धुवायची इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या दाबानं. वॉशिंगवाल्याची बंदूक जवळून मारलीत तर पाती झोपतात आणि हवा कायमची बंद. शिवाय बुलबारवर चार दिवे लावून फिरणाऱ्यांनी ते एकदा उतरवून बघावेत.

डिझेलदादा:
मातीचं मी कधी नाकारलं? होजचंही बघावं, बघायला पैसे पडत नाहीत. पण हे सगळं करून तापली, तर शेवटी थर्मोस्टॅटवरच येणार तुम्ही.

घाटवाट:
शेवटी हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, येणार. गार इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू करायची, रेस दिल्यावर बुडबुडे थांबत नसतील तर गॅस पाण्यात जातोय. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे त्या पोराला कुणीच सांगितलं नाही.

नागपूरकर_जिप्सी:
विचारणारा मीच. सगळं वाचलं. मित्राला तीन हजारावर धरायला लावलं, खालचा होज बोटभर चपटा होतोय. थर्मामीटर उसना आणला, जाळीची डावी खालची बाजू बाकीपेक्षा बरीच थंड लागतेय. बुडबुडे नाहीत. डिझेलदादा, राग मानू नका, थर्मोस्टॅट अजून काढलेला नाही.

डिझेलदादा:
राग कसला. स्प्रिंगवाला होज घे, रेडिएटर खोलून रॉडिंग करून घे. मी पण हेच सांगितलं असतं, जाळी थंड लागते हे तू आधी बोलला असतास तर.

घाटवाट:
रेडिएटर बाहेर असेल तेव्हाच थर्मोस्टॅटही काढ, पण तपासायला. पातेल्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापव, सोबत थर्मामीटर ठेव. अंगावर कोरलेल्या अंशांपाशी उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पुरता उघडला, तर तोच परत बसव. अर्धवट राहिला तर नवा घाल. रिकामं घर ठेवू नकोस. आणि भरताना बोअरची नळी लांब ठेव.