'आपल्यातला' की 'आमच्यातला'? एका रेकॉर्डिंगवर अडकलेय

ठाण्याला नौपाड्यात एका ओळखीच्यांच्या घरी महिन्यातून एकदा कॉलेजची चारपाच मुलं आणि साठी उलटलेले दोन काका न एक मावशी असे गप्पा मारायला बसतात. काका दोघंही गे आहेत, मावशी लेस्बियन (हा शब्द त्या स्वतः कधीच वापरत नाहीत, त्यावर खाली येते). मुलांना जुन्या काळी कसं होतं ते ऐकायचं असतं आणि काकांना, मला वाटतं, कुणीतरी मधे न बोलता ऐकून घ्यावं एवढंच हवं असतं. माझ्याकडे चहा आणि रेकॉर्डिंग उतरवून काढणं, टायपिंग बरं आहे म्हणून.

तर त्यातले एक काका पहिल्या दोन वेळा 'आमच्यातला' म्हणायचे. "ठाणे स्टेशनला उतरलं की आमच्यातला एखादा नजरेवरनंच कळायचा", असं. तिसऱ्या वेळी मात्र एका मुलाकडे बघत म्हणाले, "आपल्यातला कोणी भेटला ना की लगेच प्रश्न विचारायचे नाहीत, आधी चहा पाजायचा." तो मुलगा एकदम गप्पच झाला. नंतर जिन्यात चपला घालताना मला हळूच विचारतो, ताई, काकांनी आपल्यातला का म्हटलं, त्यांना माझं आडनाव माहितीये का?

मला आधी कळेचना आडनावाचा काय संबंध. मग पेटलं. त्याच्या घरी 'आपल्यातला' म्हणजे जातीतला, दुसरा अर्थच नाही. माझ्या घरी तरी कुठे वेगळं आहे, "मुलगी आपल्यातलीच आहे ना" हे लग्न ठरताना ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस मला दाखवा.

(हे सगळं त्या मुलाला विचारून लिहितेय. कॉलेज, राहायचं ठिकाण मुद्दाम सांगत नाही, विचारू नका.)

तर प्रश्न असा, की या अर्थाने 'आपल्यातला' तुम्ही कुणी ऐकलाय का? आणि 'आमच्यातला'पेक्षा तो नक्की किती वेगळा आहे?

प्रतिसाद १

फरक तर सरळ आहे, 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मधे असतो. "आम्ही जेवायला चाललोय" म्हणजे तू घरी जा, "आपण जेवायला जाऊ" म्हणजे चल. हिंदीत दोन्हीला हम. तेलुगूत आहे असा भेद, मनमु आणि मेमु, गुजरातीतही आहे. म्हणजे तुमच्या काकांनी व्याकरणाने त्या मुलाला आत घेतलं, तेही चारचौघांत आणि न विचारता. मला हे थोडं खटकलं, खरं सांगायचं तर. तो मुलगा 'आत' आहे हे त्यानेच सांगायचं होतं ना.

प्रतिसाद २

आमच्याकडे कोपरखैरण्याला 'आपल्यातला' म्हणजे गावातला. १९७० ला सिडको आली, बिल्डिंगी झाल्या, पण तिथले लोक इतक्या वर्षांनीही आमच्या आजीसाठी 'आपल्यातले' नाहीतच. म्हणजे हा शब्द रिकाम्या डब्यासारखा आहे, कोण वापरतंय त्यावर आत काय ते ठरतं. एवढा घोळ करण्यापेक्षा 'समलैंगिक' हा शुद्ध शब्द का नाही वापरत काका?

मूळ लेखिका

कारण तो पेपरातला शब्द आहे. काकाच सांगत होते, २००९ ला दिल्ली हायकोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाही असा, तेव्हा 'समलिंगी' हा शब्द पहिल्या पानावर, आणि वडिलांनी तो पेपर बातमी आत जाईल अशी घडी घालून टीपॉयवर ठेवला. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, तेव्हा घडी नाही घातली. २०१८ ला परत कलम गेलं तोवर वडील नव्हते. तर त्यांच्यासाठी हा शब्द म्हणजे ती घडी. 'गे' त्यांना 'बॉम्बे दोस्त'मुळे कळला, अशोक राव कवींनी १९९० ला काढलेलं गे लोकांसाठीचं मॅगझिन ते. त्याच्या आधी काय होतं? बायल्या, छक्का, नुसत्या शिव्या. (बायल्या हा 'बाईल'वरून, म्हणजे बायको. बायकोचा शब्द शिवी कशी होते यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.) मग शिवी नसलेला एकच शब्द घरात पडलेला होता, आपल्यातला, तो उचलला. लग्नाच्या बैठकीतला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनी तो हसत हसतच सांगितला.

आणि मावशींचं राहिलंच. त्या वाशीला सत्तावीस वर्षं 'मैत्रिणी'बरोबर राहिल्या. सोसायटीला मैत्रीण म्हणजे मैत्रीण, त्यामुळे सगळं निभलं. एका मुलीने विचारलं, मग पार्टनर म्हणायचं का तुम्हाला? तर म्हणाल्या, "पार्टनर दुकानात असतो गं."

प्रतिसाद ३

'बायसेक्शुअल'ला, म्हणजे बाई आणि पुरुष दोघांचीही ओढ असलेल्याला, मराठीत 'उभयलिंगी' लिहितात ते आधी थांबवा कोणीतरी. शाळेत जास्वंद उभयलिंगी आणि गांडूळही उभयलिंगी. माझ्या भाचीने घरी सांगितलं तेव्हा तिचे आजोबा, रिटायर्ड विज्ञान शिक्षक, अर्धा तास पुंकेसर स्त्रीकेसर समजावत बसले होते. प्रेमाने हां, पण चुकीच्या धड्यावर.

प्रतिसाद १

हा हा. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं, काकांनी मुद्दाम म्हटलं का?

मूळ लेखिका

विचारलं मी. आधी म्हणाले, "अगं सगळे बसलेलो ना, म्हणून आपण." मग चहा ढवळत बसले, साखर घालत नाहीत ते. मग म्हणाले, "चुकलंच जरा." पुढच्या वेळी त्यांनी सगळं बोलणं परत 'आमच्यातला'वर आणलं, जपून, मधे अडखळतसुद्धा होते. तुमचं खटकणं बरोबर होतं एवढं मान्य.

आता खरी अडचण. त्याच बैठकीत शेवटी त्या मुलाने प्रश्न विचारला. रेकॉर्डिंगवर पंख्याचा आवाज आहे पण नीट ऐकू येतं: "मग तुमच्यातल्या लोकांनी आपल्यातल्या लोकांनी घरी कधी सांगायचं?" एका दमात, मधे थांबला पण नाही. मी टाईप करताना 'तुमच्यातल्या' काढून टाकणार होते, बोलताना माणूस चुकतो तेवढंच समजून. त्याला दाखवलं तर म्हणाला, दोन्ही ठेवा ताई.

तर दोन्ही ठेवतेय. मधे तीन टिंबं द्यायची की नाहीत एवढं सांगा, तो थांबला नव्हता म्हणून विचारतेय.